व्हॅनिलाची शेंग : वाडीपासून वैलापर्यंत

मुलांच्या वाढदिवसाला घरीच केक भाजण्याची आणि उन्हाळ्यात आइस्क्रीम करण्याची चाल पडल्यापासून आमच्या घरांतील फडताळात व्हॅनिलाची लहानशी बाटली कायमची येऊन बसली आहे. वेलदोडा कोठून येतो, जायफळ कोणत्या झाडाला लागते, केशर फुलाचा कोणता भाग, हे आमच्या गृहिणी सहज सांगतील. पण त्या बाटलीत काय आहे असे विचारले असता बहुधा मौनच पदरी पडते. ज्या पदार्थाचा वास मुलांना आईच्या हाताइतका ओळखीचा झाला, त्याचे कुळ आणि शील ठाऊक नसावे, हे सुशिक्षित घराला शोभणारे नाही.

या विषयावर लिहिण्यास दुसरेही एक कारण आहे. रोहे आणि पेण या आमच्या तालुक्यांतून ज्यांच्या घरी नारळी-पोफळीची वाडी आहे, अशा घरांतील तरुण मंडळी अधूनमधून विचारतात की, पोफळीच्या सावलीत व्हॅनिलाचा वेल लावला तर कसे? एका किलोला हजारो रुपये मिळतात, असे त्यांनी कोठे तरी ऐकलेले असते. घरातील वडील मंडळी अशा वेळी एकदम नकार देतात, किंवा मुलगा मुंबई सोडून घरी राहील या आशेने एकदम होकार देतात. दोन्ही उत्तरे विचारावाचूनची होत. वेलीचा स्वभाव समजून घेतला की उत्तर आपोआपच मिळते. म्हणून तोच प्रथम पाहू.

कुळ आणि नाव

व्हॅनिला हा ऑर्किडांच्या, म्हणजे ज्यांस मराठीत आमर म्हणतात त्या कुळातील वेल होय. हे कुळ आपल्याला परके नाही. मृगाच्या सरी पडल्या की आमच्याकडील जुन्या आंब्यांच्या खांद्यांवर जांभळट-पांढऱ्या फुलांचे जे झुबके लोंबू लागतात, ज्यांस लोक सीतेची वेणी म्हणतात, ते याच कुळातील. फरक इतकाच की, सीतेची वेणी जन्मभर झाडावर राहते, तर व्हॅनिलाचा वेल जमिनीत मुळे धरून मग झाडावर चढतो. या कुळात हजारो जाती आहेत. परंतु ज्याचे फळ माणसाने आपल्या अन्नात घेतले, असा मोठ्या प्रमाणावर लावला जाणारा हा एकच गोत्रज.

मूळ देश मेक्सिको. तेथील ॲझ्टेक लोक कोकोच्या पेयात ही शेंग वाटून घालीत. स्पॅनिश लोकांनी तिला आपल्या भाषेत 'लहानशी म्यान' या अर्थाचे नाव दिले, त्याचेच रूप व्हॅनिला. संस्कृतात शेंगेला शिम्बी म्हणतात. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने वालपापडीच्या शेंगेशी हिचे काही नाते नाही. आकारावरून पडलेले हे नाव आहे, इतकेच.

एका मुलाची युक्ती

स्पॅनिश लोकांनी वेल युरोपात नेला, फ्रेंचांनी 19 व्या शतकाच्या आरंभी तो हिंदी महासागरातील आपल्या बूर्बों बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियों बेटावर लावला. वेल वाढला, फुलला. पण शेंग धरीना. कारण असे की, या फुलातील पराग आणि कुक्षी यांच्यामध्ये निसर्गाने एक पातळ पडदा ठेवला आहे. मेक्सिकोत तेथील कीटक तो अडसर पार करतात. अन्यत्र ते काम करणारा कोणी नाही. बेल्जियमच्या चार्ल्स मॉरेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1836 मध्ये हाताने पराग लावून शेंग धरविली होती. परंतु शेतात रोज चालेल अशी सोपी रीत सापडली ती 1841 मध्ये, आणि ती शोधणारा होता त्या बेटावरील अवघ्या बारा वर्षांचा एक गुलाम मुलगा, एडमंड.

त्याला शाळा नव्हती, आडनावही नव्हते. काडीच्या टोकाने पडदा उचलावा आणि अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबावा, ही त्याची रीत. मळ्यामळ्यांतून त्याला नेऊन इतर गुलामांना ती शिकविण्यात आली. आज जगात जेथे जेथे व्हॅनिला लावतात, तेथे तेथे काही थोडा फेर करून हीच रीत चालते. 1848 मध्ये फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी संपली, तेव्हा त्याला आल्बियस हे आडनाव मिळाले. मळेवाल्यांना संपत्ती मिळाली; एडमंड आल्बियस मात्र 1880 मध्ये दारिद्र्यातच वारला. आम्ही चाळीस वर्षे मुले शिकविली; मागच्या बाकावर बसणारा, अक्षर न वळणारा मुलगा हाताने काय करून दाखवील याचा भरवसा नसतो, हे सांगण्यास याहून चांगले उदाहरण आम्हास ठाऊक नाही.

लागवड आणि आपली हवा

आता आपल्या वाडीकडे वळू. व्हॅनिलाला उबदार व दमट हवा, अर्धे ऊन अर्धी सावली, आणि पालापाचोळा कुजून भुसभुशीत झालेली जमीन लागते. पाऊस वर्षाला दीड ते तीन हजार मिलिमीटर पुरे. परंतु तो बहुतेक वर्षभर वाटून पडलेला असावा, आणि फुलापूर्वी दीड-दोन महिने थोडी कोरड मिळावी, अशी तिची अपेक्षा. आमच्या भागात पावसाचा आकडा तीन हजारांच्या घरात जातो खरा. पण तो सारा ज्येष्ठ ते आश्विन या चार महिन्यांत कोसळतो आणि पुढचे आठ महिने आकाश कोरडे. म्हणजे पावसाळ्यात पाणी मुळाशी तुंबून मूळ कुजण्याचे भय, आणि उन्हाळ्यात वेल करपण्याचे. पहिल्यासाठी उंचवटा आणि निचरा हवा. दुसऱ्यासाठी फाल्गुन-वैशाखातही न आटणारी विहीर हवी. पेणच्या खाडीलगतची खारवट जमीन या कामाची नव्हे. कुंडलिकेच्या काठच्या, भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यामुळे उन्हाळ्यातही ओलाव्यास न मुकणाऱ्या वाड्या त्या मानाने भाग्यवान.

वेलीचे निरोगी तुकडे सुमारे एक मीटर लांबीचे घ्यावेत. खालच्या तीन-चार पेरांची पाने काढून आठवडाभर सावलीत ठेवावेत, म्हणजे जखम सुकते. नंतर ती पेरे आळ्यातील मऊ मातीत उथळच पुरावीत. टोक मातीच्या किंचित वर राहू द्यावे, नाही तर कुजते. आधाराला गिरिपुष्प किंवा पांगारा लावावा. तो आधीच्या वर्षी रुजलेला असला पाहिजे. पाहुणा येण्यापूर्वी ओसरी झाडून ठेवावी, तसे हे आहे. वेल सरळ माडासारखा चढू देऊ नये. पुरुषभर उंचीवर फांदीवरून वळवून खाली सोडावा. लोंबता वेलच चांगला फुलतो, शिवाय फूल हाताशी येते. नांगरट नको, खोल खणणे नको. शेणखत आणि पालापाचोळ्याचे जाड आच्छादन हेच तिचे अन्न. तोडताना येणारा चीक अंगास लागल्यास खाज सुटते, एवढे मुलांना सांगून ठेवावे.

फुलाची सकाळ

तिसऱ्या वर्षी वेल फुलू लागतो. पौषापासून चैत्रापर्यंत, जशी हवा असेल त्याप्रमाणे, पानांच्या बेचक्यांतून फुलांचे घोस निघतात. एका घोसात पंधरा-वीस कळ्या. पण दिवसाला त्यांपैकी एखादे-दुसरेच फूल उमलते. फिकट पोपटी रंगाचे ते फूल पहाटे उघडते आणि दुपारपर्यंत कोमेजते. वर्षभराच्या राखणीनंतर हाती येते ती ही एक सकाळ.

रीत अशी. डाव्या हातात फूल धरावे. ओठासारखी जी पाकळी आहे ती खाली सारून किंवा किंचित चिरून आतील दांडा मोकळा करावा. माडाच्या झावळीची हीर टोकाला गुळगुळीत तासून घ्यावी, तिने तो पातळ पडदा वर उचलावा आणि अंगठ्याने परागाची पिवळी गोळी खालच्या चिकट कुक्षीवर हलकेच दाबावी. जमले तर फूल सुकूनही देठाला धरून राहते. न जमले तर एक-दोन दिवसांत गळून पडते. प्रत्येक घोसावर आठ-दहाच शेंगा धरवाव्यात आणि उरलेल्या कळ्या खुडाव्यात. लोभाने अधिक धरल्यास शेंगा खुरटतात आणि वेल पुढच्या वर्षी रुसतो.

आता जुन्या सवयीप्रमाणे थोडे गणित मांडू. घरापुरते चार वेल लावले, प्रत्येकावर सहा घोस ठेवले, म्हणजे घोस झाले चोवीस. भर हंगामात दररोज वीस-पंचवीस फुले. देवपूजेची फुले काढावयास लागतो तेवढाच वेळ. हेच वेल सहाशे लावले, तर घोस छत्तीसशे आणि रोजची फुलेही जवळजवळ तितकीच. वाकबगार माणसाच्या हातून एका सकाळी हजार ते दीड हजार फुले होतात. म्हणजे तीन तरबेज माणसे हवीत. घरात लग्न असो, सुतक असो किंवा परीक्षा असो, त्यांनी एकही सकाळ चुकविता कामा नये. वाडीत किती वेल मावतील हे मोजण्यापूर्वी घरात किती हात आहेत हे मोजावे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

परिमळ कसा उठतो

शेंग दीड महिन्यात पूर्ण लांबीची, म्हणजे वीतभर होते. पण पक्व होण्यास नऊ-दहा महिने घेते. शेंगेच्या टोकाशी पिवळी झाक दिसताच, तडकण्यापूर्वी, ती एकेक करून खुडावी लागते. आणि गंमत ही की, त्या हिरव्या शेंगेला कसलाही सुवास नसतो. तो आत बांधलेला असतो, शर्करेशी जखडलेला. शेंगेतीलच पाचक द्रव्ये ती गाठ सोडवितात तेव्हा व्हॅनिलीन हे सुवासाचे मुख्य द्रव्य मोकळे होते. ही गाठ सोडविण्याचा विधी तीन-चार महिन्यांचा आहे.

प्रथम शेंगा 63 ते 65 अंश सेल्सियस उष्णतेच्या पाण्यात तीन मिनिटे बुडवितात, म्हणजे त्यांची वाढ थांबते. गरम असतानाच त्या कांबळ्यात गुंडाळून पेटीत ठेवितात; दीड-दोन दिवसांत त्यांना घाम सुटून त्या चॉकलेटी होतात. पुढे आठ-दहा दिवस रोज दोन-तीन तास काळ्या कांबळ्यावर ऊन दाखवावयाचे आणि उन्हाने तापल्या की तशाच गुंडाळून पुन्हा पेटीत ठेवावयाच्या. मग तीन-चार आठवडे सावलीत फळ्यांवर पसराव्यात, मधूनमधून बोटांनी चोळून सरळ कराव्यात, बुरशी आलेली काढून टाकावी. शेवटी मेणकागदात बांधून दोन-तीन महिने बंद डब्यात मुरवाव्यात. उत्तम शेंग काळसर, तेलकट, बोटाभोवती गुंडाळली तरी न मोडणारी असते. सहा किलो हिरव्या शेंगांचा जेमतेम एक किलो माल उतरतो. वर सांगितलेल्या चार वेलींवर दोनशेच्या आत-बाहेर शेंगा धरल्या, तर त्यांचा तयार माल अर्ध्या किलोच्या आसपास भरेल. एका घराला तो वर्षभर पुरून नातेवाइकांकडे पाठविण्यासही उरेल.

आमच्या भागातील स्त्रियांना ही रीत वाचून नवल वाटणार नाही. आमसुले करताना सालींना पुन्हापुन्हा रसात घोळून पुन्हापुन्हा ऊन दाखविण्याचा धीर त्यांच्या हातांत आहे. पेणचे पापड आणि मिरगुंडे नावारूपाला आली ती अशाच हातांनी. कोणत्या उन्हात काय किती वेळ ठेवावे, ढग आला की काय आत घ्यावे, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. शिवाय शेंगा पक्व होतात त्या दिवाळीच्या सुमारास आणि त्यापुढे, जेव्हा आमच्याकडे पाऊस सरून स्वच्छ ऊन पडू लागते. एवढी एक गोष्ट आपली हवा व्हॅनिलाच्या बाजूने करते. अमरकोशात परिमल हा शब्द मर्दनाने, म्हणजे चोळण्या-मळण्याने उठणाऱ्या मनोहर गंधासाठी दिला आहे. त्या अर्थाने पाहता, परिमल हे नाव ज्याला अक्षरशः शोभेल असा दुसरा सुवास स्वयंपाकघरात क्वचितच असेल.

बाजाराची लाट

भारतात मसाला मंडळाच्या उत्तेजनाने 1990 नंतरच्या दशकात कर्नाटक व केरळ येथील शेतकऱ्यांनी हा वेल मोठ्या प्रमाणावर लावला. 2000 च्या एप्रिलात मादागास्कर बेटावर हुदाह नावाचे चक्रीवादळ आले. जगाला लागणाऱ्या व्हॅनिलाचा फार मोठा वाटा याच बेटावरून येतो. त्यामुळे भाव चढत गेले. 2003 च्या सुमारास तयार शेंगेचा भाव जगाच्या बाजारात किलोला पाचशे डॉलरांच्या घरात गेला आणि आपल्याकडे हिरव्या शेंगेलाही हजारो रुपये मिळू लागले. लोकांनी मिरी आणि सुपारी बाजूस सारून वेल लावले, वेलींच्या तुकड्यांचासुद्धा व्यापार झाला, रात्री राखण ठेवावी लागली. तिकडे चढ्या भावामुळे मोठे कारखानदार कृत्रिम द्रव्याकडे वळले, जगभर नव्या लागवडी फळास आल्या, आणि 2005 पर्यंत भाव एक-दशांशावर कोसळला. ज्यांनी कर्ज काढून वेल लावले होते त्यांचे हाल झाले. अनेकांनी ते उपटून टाकले. पुढे 2017 च्या मार्चमध्ये एनावो वादळानंतर भाव पुन्हा गगनाला भिडला, आणि काही वर्षांत पुन्हा उतरला.

यातून ध्यानात घ्यावयाचे ते हे : हजारो कोसांवरील वादळाने ज्या पिकाचा भाव ठरतो, आणि जे लावल्यापासून तिसऱ्या वर्षी फुलते, चौथ्या वर्षी हाती येते, त्याची लागवड आजचा भाव पाहून करणे म्हणजे गेल्या वर्षीच्या पंचांगावरून यंदाचा मुहूर्त काढणे होय.

बाटलीतील पाणी

आता त्या बाटलीविषयी. 1874 मध्ये टीमान आणि हार्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी पाइन वृक्षातील एका द्रव्यापासून व्हॅनिलीन तयार केले. पुढे ते कागदाच्या कारखान्यातील लाकडाच्या टाकाऊ रसापासून होऊ लागले, आणि आता बव्हंशी खनिज तेलातून निघणाऱ्या द्रव्यांपासून होते. दुकानातील स्वस्त इसेन्स तो हाच. तो विष नव्हे; नेमक्या प्रमाणात वापरल्यास त्यात भिण्यासारखे काही नाही. परंतु शेंगेत व्हॅनिलीनच्या जोडीला शेकडो सूक्ष्म गंधद्रव्ये असतात, त्यांची भरदार खोली एकट्या व्हॅनिलीनमध्ये नसते. तंबोऱ्याची एकच तार छेडणे आणि चारही तारा जुळवून छेडणे, यांत जो भेद आहे तोच येथे आहे. वेष्टनावर 'कृत्रिम' हा शब्द आहे की नाही, एवढे वाचून मगच किंमत द्यावी.

स्वयंपाकघरात

शेंग महाग, म्हणून ती वापरताना काहीही वाया जाऊ देऊ नये. सुरीच्या टोकाने ती उभी चिरावी आणि बोथट बाजूने आतील काळे बी खरवडून घ्यावे; खसखशीहून बारीक असे ते बी आणि साल, दोन्ही कोमट दुधात घालून अर्धा तास झाकून ठेवावीत. स्निग्ध दुधात सुवास चांगला उतरतो. फार वेळ उकळल्यास तो उडून जातो, म्हणून पातेले चुलीवरून वैलावर ओढल्यानंतरच शेंग घालावी. गॅसच्या शेगडीवर ज्योत अगदी मंद करून. एक लिटर दुधाला एक शेंग पुरे होते. वापरलेली साल धुऊन, सुकवून साखरेच्या बरणीत खुपसून ठेवावी. पंधरा दिवसांत सारी साखर सुवासिक होते. ज्या घरात मद्यार्काचा अर्क आणणे आवडत नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग उत्तम.

एक पथ्य मात्र पाळावे : एका पातेल्यात एकच सुवास. व्हॅनिला घातली तर वेलदोडा, जायफळ आणि केशर यांना त्या दिवशी सुट्टी द्यावी. श्रीखंड, बासुंदी आणि पुरणपोळी यांचे सुवास पूर्वजांनी ठरविलेले आहेत, ते तसेच राहू द्यावेत. गुळाच्या पदार्थातही ही घालू नये. गुळाचा स्वतःचा गंध तिला बोलू देत नाही.

तांदळाची खीर हिला फार मानवते. अर्धी वाटी साधा जुना तांदूळ धुऊन, निथळून, चमचाभर तुपावर परतून भरड दळावा. एक लिटर दुधात तो मंद आचेवर मऊ शिजवावा, पाऊण वाटी साखर घालावी, आणि उतरवून अर्ध्या शेंगेचे बी व साल घालून झाकावे. निवत आल्यावर एक वाटी नारळाचे घट्ट दूध मिसळावे. आधी घातल्यास ते फुटते. वाढण्यापूर्वी साल काढून घ्यावी. आंबेमोहोरासारखा सुवासिक तांदूळ येथे मुद्दाम घेऊ नये.

आणि आइस्क्रीम. लाकडी बादलीच्या सांचात, बर्फाच्या चौथाई मीठ घालून, आळीपाळीने दांडा फिरवून केलेले. पेणच्या खाडीकाठच्या मिठागरांतील जाडे मीठ पूर्वी या कामी येई. एक लिटर दूध आटवून पाऊण करावे, वाटीभर साखर आणि शेंग घालून पूर्ण थंड करावे, वाटीभर साय घुसळून मिसळावी, आणि मग सांचात घालावे. पांढऱ्या आइस्क्रीममध्ये काळे बारीक ठिपके दिसले की मुले विचारतात, हे काय? त्यांना एडमंडची गोष्ट सांगावी.

तेव्हा वाडी असलेल्या घरांस आमचे सांगणे थोडक्यात असे. वैशाखात पाणी असेल आणि घरात सकाळी मोकळे हात असतील, तर विहिरीजवळ चार वेल अवश्य लावावेत. आजीचे डोळे, सुनेची बोटे आणि नातवाचा उत्साह या कामात एकत्र येतात. भावंडे पांगलेल्या घरांना अशा एखाद्या कामाची आज गरज आहे. चार वर्षे ते वेल जगले, शेंगा घरी मुरल्या, आणि मुलाचा जीव तेथे रमला, तर मग पाचव्या वर्षी पोफळ आणि मिरी यांना धक्का न लावता चाळीस करावेत. कर्ज काढून सहाशे लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर फुलांच्या दिवसांत रोज सकाळी सहा वाजता तो स्वतः हीर घेऊन वाडीत येणार आहे काय, एवढेच त्याला विचारावे.